नाईलकाठच्या दगडखाणी बघताना

ईजिप्तला जायचं ठरलं तेव्हा टूरवाल्याला मी एकच अट घातली होती: देवळं दोन-चार कमी झाली तरी चालतील, पण ती ज्या दगडाची आहेत त्या खाणी बघायच्या. त्याने अस्वानच्या अर्धवट ओबेलिस्कला, म्हणजे खाणीतच राहिलेल्या एकसंध दगडी स्तंभाला, अर्धा तास दिला. गबल अस-सिलसिला या नदीकाठच्या वालुकाश्माच्या खाणींचं नावच नव्हतं. म्हणे, बोट तिथे थांबत नाही. त्याचंही खरंच. लक्झर-अस्वानची मोठी क्रूझ जहाजं समोरून निघून जातात. थांबतात त्या दहाबिया, इस्नाहून सुटणाऱ्या शिडाच्या छोट्या बोटी. त्या महाग पडतात आणि रमतगमत जातात. शेवटी लक्झरचे मुक्काम कमी करून दहाबियाच घेतली.

ते बरंच झालं, कारण खाणीचं निम्मं गणित बोटीवरच कळतं. नाईल उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो. म्हणजे रिकामी बोट शिडाच्या जोरावर दक्षिणेला न्यायची आणि दगड भरला की प्रवाहाबरोबर खाली सोडायची. कर्नाक, लक्झर, एदफू इथल्या देवळांचा वालुकाश्म असाच गेला.

सिलसिलाला नदी एकदम अरुंद होते आणि दोन्ही काठांवर कापलेले कडे उभे राहतात. पूर्वेच्या खाणी मोठ्या, पण आम्ही उतरलो पश्चिमेला. कड्यांवर टाकीचे तिरपे घाव ओळीने दिसतात, आजूबाजूला चर खणून ठोकळा सुटा केल्याच्या जागाही कळतात. मी एवढंच बघायला आले होते. पुढे गेल्यावर मात्र खाणीतच देवघरं लागली. राजा होरेमहेबचं कोरीव मंदिर, अधिकाऱ्यांनी खडकात खोदलेली छोटी स्मारकं, आणि नदीच्या अगदी काठाशी रामसेस दुसरा, मेरेनप्ताह व रामसेस तिसरा या राजांचे मोठे शिलालेख. त्यांत हापीची, म्हणजे नाईलच्या पुराच्या देवाची, स्तुती आणि त्याला द्यायच्या नैवेद्याची व्यवस्था आहे. पूर आला की शेत पिकायचं, आणि जड दगडांच्या बोटी काठाच्या जवळ आणणंही सोपं व्हायचं. एकाच पाण्यावर दोन्ही कामं, मग त्याची पूजा खाणीत होणार नाही तर कुठे? समोरच्या काठावर राजा अखेनातेनचा शिलालेख आहे, त्याने नाव बदलण्यापूर्वीचा. कर्नाकच्या सूर्यमंदिरातल्या ‘बेनबेन’ या पवित्र शिळेसाठी दगड काढण्याची आज्ञा त्यात आहे.

पश्चिमेच्या छोट्या स्मारकांतलं एक सेनेनमुतचं. राणी हत्शेप्सुतचा हा कारभारी अस्वानलाही भेटतो: तिच्या ओबेलिस्कच्या कामावर असल्याची नोंद तिथल्या खडकावर आहे.

अस्वानला अर्ध्या तासाचा मी अख्खा दिवस केला. लाल ग्रॅनाइटमध्ये सुमारे 42 मीटर लांबीचा स्तंभ आडवा पडलाय, वजन हजार टनांच्या वर. तीन बाजू मोकळ्या झाल्या, खडकाला तडे गेले आणि काम तिथेच थांबलं. गाइड लाकडी पाचरींची गोष्ट सांगतात: भोकांत पाचरी ठोकायच्या, पाणी ओतायचं, लाकूड फुगून खडक फुटतो. ऐकायला छान आहे. पण तिथल्या पाचरींच्या खाचा बऱ्याच नंतरच्या काळातल्या, लोखंड आल्यावरच्या आहेत. ओबेलिस्कभोवतीच्या चरात टाकीचे घाव नाहीत, वाटीसारखे गुळगुळीत खळगे आहेत, डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून झालेले. राखणदाराने एक गोटा हातात दिला. बाजूच्या एका दगडावर आपटला तर चिमूटभर पूड उडाली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. कर्नाकला उभ्या असलेल्या हत्शेप्सुतच्या ओबेलिस्कवर खाणीतलं काम सात महिन्यांत झाल्याचं कोरलंय. ते वाक्य मला त्या झिणझिण्यांनंतरच नीट समजलं. आपल्याकडे अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय, म्हणूनच कारागीर कुठून सुरुवात करत ते तिथे दिसतं, इथेही तसंच.

दुसऱ्या दिवशी फलुकाने, म्हणजे शिडाच्या होडीने, अस्वानजवळच्या सेहेल बेटावर गेलो. चढ छोटा, ऊन भयंकर. टोपी आणि पाणी विसरू नका. वरच्या शिळेवर टॉलेमी काळातला, म्हणजे ग्रीक राजवटीतला, लेख आहे, पण गोष्ट सांगतो कितीतरी आधीच्या जोसेर राजाची. सात वर्षं पूर आला नाही, दुष्काळ पडला, मग खनूम स्वप्नात आला. खनूम म्हणजे कुंभाराच्या चाकावर माणसं घडवणारा देव, या प्रदेशाचा मालक. लेखात परिसरातल्या दगडांची नावं यादीसारखी दिली आहेत आणि राजाने ही सगळी जमीन खनूमच्या देवळाला दिल्याचं म्हटलंय. पुजाऱ्यांनी आपला हक्क पक्का करायला हे लिहून घेतलं असणार, असं मला वाटतं. दगडाचा मालक देव ठरला की कराचा मालक देऊळ.

वादी हम्मामात ही वाळवंटातली दगडखाण मात्र राहिली. तिथल्या रस्त्याच्या परवानगीत वेळ गेला असता. राजा मेंतुहोतेप चौथ्याच्या काळात तिथे दगड आणायला गेलेल्या लोकांसमोर एक गाभण हरिणी आली आणि एका शिळेवर व्याली. त्यांनी तिचा तिथेच बळी दिला आणि राजाच्या शवपेटीचं झाकण त्याच शिळेतून काढलं. तो लेख अजून खडकावर आहे. पुढच्या वेळी तांबड्या समुद्रावरच्या कुसैरकडून जाणार, आणि परवानगीची चौकशी आधी करणार.