कार्पेटखालचं पाणी

एप्रिलमध्ये एका सकाळी गाडीचं दार उघडलं आणि ऑगस्ट २०१९ ची सांगली नाकात शिरली. ओल्या फोमचा, बंद जागेत कुजलेल्या पाल्याचा तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. मी राहते मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय गावात. घराजवळ नदी नाही, पूर नाही. तरी शेजारच्या सीटपुढच्या मॅटखाली हात घातला तर तळवा ओला झाला.

गाडी मध्यम आकाराची लक्झरी एसयूव्ही. साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि छतावर भलीमोठी काच. २०२१ मध्ये वापरलेली घेतली होती आणि घेताना डोक्यात आमचे आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शामरावनगरात त्यांचं गॅरेज. २०१९ च्या पुरात मी रजेवर सांगलीत होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी उतरल्यावर लोक गाड्या दोरीने ओढत आणायला लागले. आप्पांनी गॅरेजच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘सेल मारू नका.’ हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की पिस्टन त्या पाण्यावर अडतो, आणि तेवढ्यात इंजिनने उचल घेतली तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. मग धुऊन-पुसून सुटणारी गाडी सगळं इंजिन खोलण्यापर्यंत जाते. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की सगळं काढून टाकायचं.

माझ्याकडे सीटा आणि कार्पेट होती. वरचं कापड दोन दिवसांच्या उन्हात वाळायचं. खालचा फोम आठवड्याने पिळला तरी पाणी यायचं. मी एक गाडी वाळली म्हणून बाजूला काढली, तर आप्पा म्हणाले, “कापडाला हात लावून गाडी वाळली म्हणू नगंस पोरी. फोम पिळ.”

हे शिक्षण इथे गाडी घेताना फार कामाला आलं. अमेरिकेत वादळात बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. २०१७ मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनकडे लाखो गाड्या पाण्यात गेल्या होत्या. गाडीच्या कागदावर ‘फ्लड’ (पुरात बुडालेली) किंवा ‘सॅल्व्हेज’ (मोठं नुकसान झालेली) असा शेरा पडतो, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे नव्या राज्यात नोंदणी करताना तो शेरा गळून पडू शकतो. नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या साइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा सतरा अक्षरी ओळख नंबर, टाकून फुकट तपासता येतं. मी ते केलंच, पण माझा भरवसा हातांवर जास्त. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण पुराच्या पाण्याची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांवर गंज आहे का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का, सगळं पाहिलं. गाडी कोरडी होती. म्हणूनच एप्रिलमधला तो वास मला सहन होईना.

सर्व्हिस सेंटरने नुसत्या निदानाचे दोनशे डॉलर सांगितले, छताचं आतलं कापड उतरवावं लागलं तर त्याचे वेगळे. मी म्हटलं, आधी आपण बघू. एसीचं पाणी असेल तर एसी अजून लावलाच नव्हता. हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत असेल तर गोडसर वास येतो, बोटांना चिकट लागतं, टाकीतली पातळी उतरते. तसं काहीच नव्हतं. राहिलं छत.

सनरूफ म्हणजे पाणी आत येऊच न देणारं झाकण, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रबराच्या कडेतून थोडं पाणी आत येणार हे गृहीतच धरलेलं असतं. ते काचेखालच्या ट्रेमध्ये जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली जातं. पुढच्या नळ्या विंडशील्डच्या कडेच्या खांबातून उतरून चाकाच्या आसपास सुटतात. नळी तुंबली की ट्रे भरतो आणि पाणी छताच्या कापडामागून गुपचूप कार्पेटखाली येतं. माझी गाडी दिवसभर ऑफिसच्या आवारात मेपलच्या झाडाखाली उभी असते. पानगळीतली पानं ट्रेमध्ये पडली, हिवाळाभर कुजली, त्यांचा लगदा झाला आणि बर्फ वितळल्याबरोबर पाण्याने वाट सोडली.

कपभर पाणी हळूहळू ट्रेच्या कोपऱ्यात ओतलं. डावीकडचं खाली ठिबकलं, उजवीकडचं तिथेच राहिलं. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारायचा मोह होतो, पण त्याने नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि दुखणं वाढतं. खांबाचं कव्हरही ओढायचं नाही, त्याच्या मागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हलक्या हाताने सरकवत नेली. चौथ्या-पाचव्या वेळेला काळा लगदा खाली पडला आणि मागून पाण्याची धार आली. त्या धारेने झालेला आनंद मला इथे कुणाला सांगता येईना, म्हणून रात्री दहा वाजता आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेसात.

आप्पांनी कौतुक केलं नाही. विचारलं, “फोम पिळलास?”

पिळला नव्हता. दुसऱ्या दिवशी बॅटरी काढून थोडा वेळ थांबले, कारण सीटखालचं पिवळं कनेक्टर एअरबॅगचं असतं. मग चार बोल्ट सोडून सीट बाहेर घेतली. सीट जागेवर येईपर्यंत इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. कार्पेट उचललं तर फोम पाण्याने टम्म फुगलेला आणि त्याच्याच कडेने वायरिंगची जाडजूड जुडी गेलेली. महागड्या गाडीत जितक्या सोयी तितक्या वायरी, आणि त्यातल्या कितीतरी पायाखालीच. एका कनेक्टरवर हिरवट पूड दिसायला लागली होती. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतली. पंखा आणि तळघरातला डिह्युमिडिफायर लावून सहा दिवसांनी फोम पिळला, तेव्हा हात कोरडा राहिला.

इथल्या गाड्यांचं दुसरं दुखणं म्हणजे मीठ. डेट्रॉईट शहराच्या खाली सुमारे १२०० फूट खोल मिठाची खाण आहे. तिथलं मीठ बर्फ वितळवायला रस्त्यांवर जातं आणि तिथून गाडीच्या पोटाला लागतं. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेलं की मी गाडी खालून धुऊन घेते, आणि वसंतात ब्रेकपॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना काढून, साफ करून नवं ग्रीस लावते. पिना जाम झाल्या की एकाच बाजूचं ब्रेकपॅड झिजत राहतं.

आता आपल्याकडेही सनरूफच्या गाड्या खूप झाल्यात. गेल्या जूनच्या सुरुवातीला सांगलीला आले तेव्हा विश्रामबागला भावाची नवी एसयूव्ही गुलमोहराखाली उभी होती. गुलमोहराच्या पानांचे ते इवलेसे तुकडे, नळीत बसायला अगदी मापाचे. आप्पा फुलपात्र भरून घेऊन आले. “मी ओततो, तू चाकापाशी बस.” उजवीकडचं पाणी लगेच ठिबकलं. डावीकडचं आलं नाही. आप्पांनी हात पुढे केला आणि मी पर्समधून मिशिगनहून आणलेली नायलॉनची दोरी काढून दिली.