घरच्यांची मजुरी धरली का?

सांगलीत विश्रामबागेत आमचं ऑफिस आहे. गेम बनवतो म्हटलं की लोक आधी ‘पबजीसारखा?’ विचारतात. खरं तर आमचं पोट परदेशी स्टुडिओंना त्यांच्या गेममधली पिंपं, खुर्च्या, दरवाजे बनवून देण्यावर चालतं. त्यामुळे मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ‘आपल्या भागातल्या शेतीचा गेम करायचाय, मोबाईलवर’ म्हणत आले, तेव्हा आम्ही खुशीत होतो.

मी आकडा मांडला. सहा माणसं, अठरा महिने, माणशी महिना ६० हजार. त्यात पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअरची लायसन्सं सगळं आलं. एकूण ६४.८ लाख.

सोबत पुतण्या होता, यूट्यूबवर तयार झालेला. तो म्हणाला, “स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोननं एकट्यानं बनवलाय, २०१६ साली आला. तोही शेतीचाच.”

“एकट्या पोरानं केलंय की वो,” अण्णा म्हणाले, “आणि तुमी सहा जण लावताय?”

स्टारड्यू सपाट चित्रांचा गेम आहे. अण्णांना मात्र बांधावरून दिसतो तसा ऊस हवा होता. लागण, फुटवे, बांधणी, तोडीला आलेला फड, मग खोडवा. प्रत्येक अवस्थेचं मॉडेल वेगळं. सोपा मार्ग म्हणजे चौकोनी तुकड्यावर पात्याचं चित्र चिकटवायचं आणि बाकीचा भाग पारदर्शक ठेवायचा. पण अशी वीस पाती एकामागे एक आली की फोन पडद्याचा तोच ठिपका वीस वेळा रंगवत बसतो. आम्ही याला ओव्हरड्रॉ म्हणतो. फोन तापतो, गेम अडखळतो. म्हणून आमच्या टीममधल्या एका मुलीनं नमुन्यासाठी पात्याचा आकारच कापून घेतला आणि लांबच्या सऱ्यांना हलकी प्रत लावली. दहा हजारांच्या फोनवर तिचा फड वाऱ्यानं डुलतो. पुतण्यानं दोन सेकंद पाहिलं आणि ‘छान’ म्हणाला.

मग मीही त्याला आकडे सांगितले. मोठ्या कंपन्या सहसा खर्च सांगत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं मार्करनं काळी करून दाखल झाली, तरी खालचं वाचता आलं, म्हणून त्यांच्या होरायझन फॉरबिडन वेस्ट या गेमचा खर्च कळला: २१.२ कोटी डॉलर, ३०० माणसं, पाच वर्षं. भागून बघा, माणशी महिना जवळजवळ १२ हजार डॉलर. ३०० माणसं पाचही वर्षं नसणार, म्हणजे खरा दर याहून जास्तच.

बॅरोनला साडेचार वर्षं लागली. सिएटलमध्ये तो थिएटरात अर्धवेळ काम करायचा, बाकी घर त्याच्या मैत्रिणीच्या कमाईवर चाललं. पुण्यात बनलेल्या ‘राजी’ या गेमसाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचं जमलं नाही, बनवणाऱ्यांनी फ्लॅट विकून काम पुढं रेटलं, २०२० मध्ये गेम आला. हे सगळं बजेटच्या कुठल्या ओळीत लिहायचं?

“म्हणजे घरच्यांची मजुरी धरली नाही,” अण्णा पटकन म्हणाले. त्यांची स्वतःची ऊसशेती आहे. हमीभावाच्या भांडणात ए-२ म्हणजे रोख खर्च, त्यात एफएल म्हणजे घरच्यांचे कष्ट, आणि सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचं व्याजही, हे त्यांना तोंडपाठ. इतकी वर्षं आमच्या धंद्यात बैठका करतोय, पण एवढ्या लवकर मुद्दा कुणाला कळला नव्हता.

आणि लगेच पुढचं वाक्य आलं. “मग तुमी पण घरच्यासारखं करा. भाडं, वीज, कॉम्प्युटर माझं. कष्ट तुमचे. निम्म्या वाट्यानं.”

आमच्यातला कवलापूरचा पोरगा खूश. “सर, मला चालेल, घरी खायला आहे.” ऊस बनवणारी मुलगी मिरजेत खोली घेऊन राहते. ती म्हणाली, “मला नाही जमणार.” सहांतली सगळ्यात हुशार तीच.

रात्री मी दुसरं पान केलं. ६० हजारांतले ४५ हजार पगाराचे, म्हणजे ६४.८ पैकी ४८.६ लाख आमचेच. पाऊण भांडवल आमचं आणि वाटा निम्मा. अण्णांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. सकाळी उत्तर आलं: “मग पाऊण वाटा घ्या की.”

हिशोबात खोट काढायला जागा नाही. पण खोलीचं भाडं पाच तारखेला द्यावं लागतं, आणि घरमालक वाटा घेत नाही. हे अण्णांना कसं लिहायचं, त्याचा मसुदा अजून चालू आहे.