तळमजला दुकानांना देणारी बँक

रावपुऱ्यात किंवा मांडवीच्या बाजारपेठेत वावरलेल्या बडोदेकराला खाली दुकान आणि वर पेढी या मांडणीचे नवल वाटत नाही. परंतु १९३२ साली अमेरिकेतील एका जुन्या, प्रतिष्ठित बचत बँकेने तसे करणे धाडसाचे होते. तेथे बँक म्हटली की ग्रीक देवळासारखे दगडी खांब आणि रस्त्यालगतचे भव्य दालन हा शिरस्ता असे. १८१६ साली स्थापन झालेल्या फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटीने मात्र मार्केट स्ट्रीटवरील आपल्या ३६ मजली इमारतीचा रस्त्यालगतचा भाग दुकानांसाठी ठेवला, व्यवहाराचे दालन वरच्या मजल्यावर नेले आणि ग्राहकांसाठी सरकता जिना बसवला. भर बाजारातील दर्शनी जागेचे भाडे का सोडावे, हा त्यामागचा रोखठोक हिशेब होता, आणि इमारतीच्या देखणेपणाचे मूळ मला या हिशेबातच दिसते.

जॉर्ज हाउ आणि विल्यम लेस्केझ या वास्तुविशारदांनी दुकाने, बँक आणि कार्यालये असे तिन्ही भाग बाहेरून वेगळे ओळखू येतील अशी रचना केली, तर लिफ्ट व इतर सोयी मागच्या बाजूस एकत्र केल्या. दर्शनी भागावर आडव्या रेषा असाव्यात असा हाउ यांचा आग्रह होता, बँकेचे अध्यक्ष जेम्स विलकॉक्स यांना मात्र उंचीचा भास देणाऱ्या उभ्या रेषा हव्या होत्या. अखेर खांब भिंतीबाहेर काढून दोन्ही रेषा राखण्यात आल्या. ग्राहकाच्या हट्टाने नकाशा बिघडतो, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. येथे तो सुधारला, असे माझे मत आहे.

महामंदी ऐन भरात असताना कार्यालयांना भाडेकरू मिळणे सोपे नव्हते. अशा काळात संपूर्ण इमारत वातानुकूलित करणे, जे तेव्हा अमेरिकेतही दुर्मीळ होते, ही चैन नसून भाडेकरूंना आकर्षित करण्याचा उपाय होता. गच्चीवर बँकेच्या नावाची केवळ आद्याक्षरे, सुमारे २७ फूट उंचीची, लाल निऑन दिव्यांत झळकली, कारण पूर्ण नाव दुरून वाचता आले नसते.

१९९२ साली बँक बंद पडली. २००० साली त्याच इमारतीत हॉटेल सुरू झाले. आद्याक्षरांची पाटी मात्र नव्या व्यवसायाने उतरवली नाही.