रिकामा डबा

भायखळ्याच्या आमच्या चाळीत एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. गणपतीत पलीकडच्या काकूंकडून उकडीचे मोदक यायचे. डबा स्टीलचा, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. मोदक संपले की आई डबा घासून, पुसून, कोरडा करून ठेवायची आणि परत पाठवताना त्यात काहीतरी घालायची. अगदीच काही नसलं तर मूठभर साखर. नाताळात उलटी फेरी. आमच्या करंज्या आणि अनारसे त्यांच्याकडे (मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ असाच असतो, नुसता केक नव्हे) आणि परत आलेल्या डब्याच्या तळाशी चार खडे खडीसाखरेचे.

एकदा साखरेचा डबा पोचवायला मला धाडलं. चार दारं ओलांडायची होती. तेवढ्यात मी कठड्याला टेकून सगळी साखर खाल्ली. काकूंनी झाकण उघडलं, तळाला बोट फिरवलं, ते चिकटलं, मग माझ्या ओठांकडे पाहिलं. "सांगत नाही हो तुझ्या आईला," म्हणाल्या आणि त्याच डब्यात दाण्याचे दोन लाडू घालून मला परत पिटाळलं. आता आली पंचाईत. द्यायला नेलेला डबा भरून घरी आला, तो कसा काय? आईने दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. लाडू मिळाले, रट्टाही मिळाला.

चर्चमध्ये बसलो की हे हटकून आठवतं, आणि त्याला कारण 'उपकारस्तुती', म्हणजे देवाचे आभार मानणं, हा शब्द. मराठीत उपकार तसा धोक्याचाच. उपकारांचं ओझं होतं, ते फेडावे लागतात, आणि "जरा गप्प बसायचे उपकार कर" असं आपण वैतागूनही म्हणतो. आमच्या उपासनेने त्यालाच स्तुती जोडून दिली, म्हणजे ओझ्याला चाल लावली म्हणा ना. अर्थात आम्ही माणसं ती चाल पुन्हा हिशेबात बसवतोच. मुलगा दहावी पास झाल्याबद्दल उपकारस्तुतीचे 501 रुपये, असं पुढून जाहीर होतं. 500 वरचा तो रुपया आम्ही लग्नाच्या आहेरातून उचलला असणार. देवाला आहेर!

सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात. गुडघा धरला असेल तर मेणाचा पाय वाहायचा. त्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. आम्ही प्रोटेस्टंट मंडळी अशा वेळी हळूच नाक मुरडतो, पण 501 ची पावती फाडणाऱ्याने मेणाच्या पायाला हसू नये. एकदा सहज वर गेलो होतो. एक बाई पाय वाहून झाल्यावरही बराच वेळ तशीच उभी होती. हिशेब मिटलेला माणूस असा रेंगाळत नाही.

पण काही डब्यांत काय घालायचं तेच कळत नाही. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. मुंबईचा उकाडा, डोक्यावर पंख्यांची घरघर, आणि वधस्तंभावरून येशूने उच्चारलेली सात वचनं एकेक करून उलगडत जातात. आपल्यासाठी कुणी जीव दिला, हे ऐकून घेतल्यावर खिशातली नाणी चाचपायची लाज वाटते. तुकोबांना संतांच्या उपकारांचं 'उतराई' व्हायला पायी ठेवलेला जीवही थोडा वाटला. 1895 साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक सांगत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्यांची गीतं आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो आणि म्हणताना 'उतराई' हा शब्द कुठून आला ते विसरतो.

हाच शब्द आमच्या बायबलात 116 व्या स्तोत्रात आहे. देवाने एवढे उपकार केले, मी त्याचा कसा उतराई होऊ, असं स्तोत्रकर्ता विचारतो. मी कितीतरी वर्षं पुढची ओळ नीट वाचलीच नव्हती. मला वाटे, आता काहीतरी मोठं अर्पण येणार. तर हा गृहस्थ म्हणतो, मी तारणाचा प्याला हाती घेईन. म्हणजे परतफेडीचं विचारता विचारता यानं पुन्हा भांडंच पुढे केलं! नवसाचंही तो बोलतो, पण नंतर.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पावाचा लहानसा तुकडा आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढ्या पेल्यात द्राक्षरस. लहानपणी मी आईच्या शेजारी बसून बघायचो. ती पदर सावरून घ्यायची, डोळे मिटायची, एका घोटात पेला संपवायची. मग ट्रे परत आला की साखरेशिवाय कुणाचा डबा न परतवणारी माझी आई तो पेला तसाच, रिकामा, त्यात ठेवून द्यायची आणि पुढच्या गीतासाठी उभी राहायची.