फाशावर १ आला तेव्हा

काल रात्री वीस पैलूंचा फासा घरंगळत जाऊन चहाच्या कपाला आपटला आणि त्यावर १ हा आकडा दिसला, तेव्हा टेबलाभोवतीचे आम्ही पाचही जण गप्प झालो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात मरणासन्न पात्रासाठी दर फेरीत फासा टाकावा लागतो, १० किंवा त्याहून अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश, आणि तीन अपयशे झाली की पात्र मरते. १ आला तर दोन अपयशे एकदम मोजली जातात. माझ्या मित्राच्या म्हाताऱ्या ड्वार्फ (बुटक्या) योद्ध्याच्या नावावर एक अपयश आधीच होते.

“पुन्हा टाक, कपाला लागला तो,” असे खेळ चालवणारी मैत्रीण स्वतःच म्हणाली, आणि तसे म्हणण्याचा अधिकारही तिचाच असतो. त्याने मात्र मान हलवली. “नको. मग दोन वर्षे मी ज्याला घाबरत होतो, ते सगळे खोटेच ठरेल.”

ज्या खेळात शेवटी कोणी जिंकत नाही, त्यात हरण्याची एवढी चाड असलेला माणूस मी प्रथमच पाहिला.

पुढच्या शनिवारी तो नवे पात्र घेऊन येणार आहे. पण गुहेत पडलेली ती कुऱ्हाड आता कोणी उचलायची?