त्याच्या नऊ मात्रा

अथेन्समधल्या एका बुझुकी क्लबात, म्हणजे ग्रीक गाण्यांच्या रात्रीच्या क्लबात, मी दोन हिवाळे नाचले. तिथे गायक मुख्य, आम्ही मागच्या ओळीत. मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम, पहाटेचं घर, हे लवकर अंगवळणी पडलं. फुलांचं पडलं नाही. पूर्वी तिथे ताटल्या फोडायचे. १९६९ मध्ये लष्करी राजवटीने त्यावर बंदी घातली. आता गिऱ्हाईक कार्नेशनची तबकं विकत घेऊन गायकावर उधळतं. आपल्याकडच्या दौलतजाद्यासारखंच. पण त्या ओल्या पाकळ्यांवर हील्स घालून गिरकी घ्यायची म्हणजे टाच टेकवायचीच नाही. भार चवड्यावर, आधी पायाने पाकळ्या बाजूला लोटायच्या, मगच फिरायचं. कुणी शिकवलं नाही, दोनदा आपटल्यावर कळलं. मध्ये मध्ये झाडायला एक माणूस ठेवा म्हटलं, तर तो खर्च मालकाला जड वाटायचा.

त्या रात्री साठीतला एक माणूस आपल्या फर्माइशीच्या गाण्यावर एकटाच झेइबेकिको नाचायला उतरला. नऊ मात्रांचा ताल. चौफुल्याच्या संगीत बारीत तयार झालेले माझे पाय त्यात कायम एक मात्रा आधी समेवर यायचे. तो मात्र हात पसरून, नजर खाली लावून, फरशीवर ठेवलेल्या ग्लासाभोवती फिरत होता. तोल गेल्यासारखा झुकायचा आणि नेमका नवव्या मात्रेला सावरायचा.

मॅनेजरने आम्हाला आत शिरायची खूण केली. चौघी गेलो, मी सगळ्यांत पुढे. माझा हात त्याच्या खांद्याला लागला. तो थांबला. चिडला नाही. कोट उचलला आणि गाणं चालू असतानाच निघून गेला.

फुलं विकणाऱ्या बाईंनी मला बाजूला ओढलं. "पोरी, फर्माइश ज्याची, नाच त्याचा." याच शहरात १९७३ मध्ये, भावाच्या नाचात लोक घुसले म्हणून एकाने तीन पोलिसांचा जीव घेतला होता, हेही त्यांनीच सांगितलं. मी परकी. मॅनेजर तिथलाच, त्याला सगळं ठाऊक होतं. त्याला पुढच्या टेबलांची बिलं वाढवायची होती. त्याचा राग अजून जात नाही.

पण एकीची अदा चालू असताना दुसरीने मध्ये पाऊल टाकायचं नाही, हे मला आईने लहानपणीच शिकवलं होतं. त्या माणसाची पाठ मी पाहिली होती. तरी गेले.

गाणं संपलं तेव्हा ग्लास फरशीवर तसाच भरलेला होता, त्यात एक पाकळी पडलेली. कुणाचा पाय लागेल म्हणून उचलला आणि त्याच्या टेबलाशी नेला. टेबलावर नवी चादर घालून झाली होती.