टॅबवरचं मराठी वाचन: दुसऱ्या आठवड्याची नोंद

मागच्या खेपेला रीडएरा, मून प्लस, केओरीडर आणि गूगल प्ले बुक्स अशी पुस्तकं वाचायची चार ॲप्स उतरवली होती. पान उलटण्याची ऐट, रात्रीचा काळा पडदा, बॅटरी यांत उन्नीस-बीसचाच फरक, म्हणून त्या भानगडीत या वेळी पडलो नाही. एकच पुस्तक चारही ठिकाणी लावलं. आजोबांच्या आठवणींची वही मावशीने वर्डमध्ये टाइप केलीय, तिचं मी कॅलिबर या ई-पुस्तकांच्या संगणकीय प्रोग्रॅमने ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल केली. ठाणे ते नेरुळ लोकलने, रोज जाताना एक ॲप, येताना दुसरं.

पहिल्याच पानावर 'ल' आणि 'श' डोळ्यांत खुपले. आपला ल पाकळीचा, श देठाचा. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तेच. पडद्यावर मात्र दोन्ही हिंदी वळणाचे! मून प्लस आणि केओरीडरमध्ये आपल्या पसंतीचा फाँट टाकता येतो, म्हणून नोटो सान्स देवनागरी टाकला. तरी तेच. ऐरोली गेलं, घणसोली गेलं, मी आपला सेटिंगमध्येच.

घरी कॅलिबरच्या एडिटरमध्ये फाइल उघडली तेव्हा उजेड पडला. ईपब म्हणजे झिपमध्ये बांधलेली वेबपानंच, आणि त्यात भाषेची नोंद असते. माझ्या फाइलीत ती इंग्रजी होती. नोटोकडे मराठी वळणं आहेत, पण मजकूर मराठी आहे हे कळल्याशिवाय तो ती बाहेर काढत नाही. नोंदीतली दोन अक्षरं बदलली आणि केओरीडरमध्ये 'शाल' हा शब्द बालभारतीत छापल्यासारखा दिसला. चारांतल्या एकाने मात्र त्या नोंदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग 'ऱ्या'. 'दुसऱ्या' शोधलं तर निकाल शून्य, आणि शब्द समोरच्या पानावर ढळढळीत दिसतोय! मावशीला फोन लावला, "मावशी, तू ऱ्या कसा काढतेस गं?"

"मला काय विचारतोस? दिसतोय ना बरोबर? मग झालं."

ती साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालून तो काढते. माझा कीबोर्ड नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरतो. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन निराळे शब्द. एका ॲपने तर ते अदृश्य चिन्ह गाळूनच टाकलं आणि र डोक्यावर रफार होऊन बसला. सह्याद्रीच्या दऱ्या उतरणारे आजोबा थेट दर्या उतरायला लागले. कॅलिबरमध्ये सगळीकडे एकदम बदलून घेतलं तेव्हा शोध लागायला लागला. मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही.

पीडीएफवर फार वेळ घालवू नका. युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत; त्याआधीच्या जुन्या फाँटमधल्या फाइलींचा मजकूर पडद्याच्या मापात बसवायला मोकळा करायला गेलं की अक्षरांची भेळ होते. टॅब आडवा धरायचा आणि आहे तसं वाचायचं.

सध्या घरी केओरीडर. मुळात ई-इंकसाठी, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यासाठी बनलेलं, त्यामुळे दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण अक्षर नीट लावतं. गाडीत रीडएरा, कारण खातं-बितं काढावं लागत नाही आणि जाहिराती नाहीत. पुढच्या आठवड्यात मराठी विकिस्रोत या मोफत ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची ईपब लावून बघणार आहे. या वेळी भाषेची नोंद आधी तपासेन, मगच नेरुळची गाडी पकडेन.